चार वीत कतला

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीतही कळलं नव्हतं, आणि चौथीनंतर शाळा सुटली. पाचवीसाठी दुसऱ्या गावी जावं लागायचं आणि वडिलांना मला एकटीला पाठवायचं नव्हतं. माझा हात मोठा आहे, पेन बोटांत नीट बसत नाही, ओळ वर वर चढत जाते. हे कोणी वाचणार नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलं तर माफ करावं. तोंडाने मला हे कधीच सांगता आलं नसतं. चार माणसं समोर असली की माझा आवाज घशातच राहतो.

हात मोठा आहे हे मी लिहून टाकलं तेही बरंच झालं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

आम्ही ढिवर. घरचे पुरुष पहाटे डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन तलावात जाळं ओढतात, आणि ऊन चढायच्या आत मासळी पाळीवर, तलावाच्या बांधावर, येते. लहान मासळी टोपल्यात भरून आंजीच्या बाजाराला जाते. तिथे आमचा सेलवर चालणारा काटा आहे, त्यावर मोजून विकतो. पण मोठा मासा पाळीवरच विकला जातो, जिवंत असताना, आणि त्याला काटा लावत नाहीत. एक तर तो इतका फडफडतो की आकडा थांबत नाही, आणि काट्यात पाणी जाऊन दोन काटे मेले. पण सासूबाईंचं कारण वेगळंच होतं. त्या म्हणायच्या, "काट्यावर मेलेलं चढते. जित्याले बोल लागते."

बोल म्हणजे अंदाज. सासूबाई पाळीवरच्या एका चपट्या दगडावर बसायच्या, समोर ओलं पोतं. त्यावर मासा ठेवायचा, एका हाताने दाबायचा आणि दुसऱ्या हाताने तोंडापासून शेपटी जिथे फाटते तिथपर्यंत वीत टाकत जायचं. मग पोटाखाली बोटं घालून बघायचं. रोहू चार वीत भरला तर चार किलो. कतल्याचं डोकं जड आणि पोट मोठं, म्हणून कतला चार वीत तर सहा. मध्ये बोटं आली तर त्याप्रमाणे कमी-जास्त. मग त्या आकडा बोलायच्या, आणि तोंडातून एकदा निघाला की तो बदलायचा नाही. घरी नेऊन मासा कमी भरला तर गिऱ्हाइकाने यावं आणि तेवढी बारीक मासळी फुकट न्यावी. जास्त भरला तर त्याचं नशीब. सासूबाईंच्या बोलावर फुकट मासळी न्यायला आलेला माणूस मी क्वचितच पाहिला.

मी या घरात मोठी सून. माझ्या माहेरी पाणी नव्हतं, तिकडचे आमचे लोक पिढ्यांपासून शेतमजुरीच करतात. मासा हातात घ्यायला मी इथे शिकले, आणि सासूबाईंनी मला वीत टाकायला शिकवलं. "हात मासा उचलून पाह्यते तेव्हा खोटं बोलते," त्या म्हणायच्या, "वीत खोटं नाई बोलत." मी मान डोलवली. मी रोहू चार-चार, कतला चार-सहा असं पाठ केलं, शाळेत पाढे करायचे तसं. तरी त्यांनी मला बोल लावायला क्वचितच बसवलं. बसवलं तेव्हा माझा आकडा कुठेतरी चुकायचा आणि त्या म्हणायच्या, "पोरी, तुयं ध्यान कुठं असते व?"

मग लहानी आली. माझी लहान जाऊ, बारावी पास, माहेर सिंदी मेघेचं. तिच्या माहेरी मासळी विकत आणून खातात. बोटं मात्र इतकी बारीक की घातलेल्या अंगठीतून आणखी एक बोट जाईल. आल्यावर महिनाभरातच ती पाळीवर आली होती, सहज, बघायला म्हणून. सासूबाई हसून म्हणाल्या, "टाक व वीत, पाहू." तिने साडी सावरून रोहूवर हात ठेवला, चिमणी नाचावी तशी बोटं चालली, आणि म्हणाली, "साडेचार?" गिऱ्हाइकाचं घर जवळच होतं. त्याने पोराकडून निरोप पाठवला की साडेचारच भरला.

सासूबाईंनी तिचा हात धरून सगळ्यांना दाखवला. "पाहा, पोरीच्या हातात देव बसला हाये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाई तर ह्या मोठीचा. हात हाये का फावडं!"

सगळे हसले. मीही हसले.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे बसलं त्याला मी कधी नाव दिलं नाही. नाव द्यायला लाज वाटायची. ती बोल लावायला बसली की मी टोपली धुण्याच्या निमित्ताने जवळच उभी राहायची आणि मनात म्हणायची, चुकू दे. आज तरी चुकू दे. माशाच्या पोटात गोटे निघू दे. ती चुकली नाही. दुपारी जेवून ती झोपली की तिचे हात उशीवर पडलेले दिसायचे, आणि मी बघत बसायची. त्यात देव वगैरे काही दिसत नव्हता. नखाला हळद लागलेली दिसायची, माझ्याच नखाला लागते तशी. मला वाटायचं, हिला काही करावंच लागलं नाही. मी पाढे केले आणि हिला आयतं मिळालं.

त्या पावसाळ्यात सासूबाईंच्या डोळ्यांवर पडदा आला. शेपटीची फाट दिसेना, बोटाने चाचपून बघायच्या. एक दिवस जेवताना म्हणाल्या, "दिवाळीलोक मी बसीन. मंग दोघींतली एक बसन. तवरक तुमी दोघी मिळून पाह्यजा, मले पाहू द्या."

पाळीवर बसण्यात पैशाची गाठ पदराला असते, हे खरं. पण मला ते नको होतं. मला दुसरंच हवं होतं. पाळीवर मासा पोत्यावर आला की गिऱ्हाईक, घरचे, डोंग्यातले, सगळे गप्प होतात आणि दगडावर बसलेल्या बाईच्या तोंडाकडे बघतात. ती बोलेपर्यंत कोणी बोलत नाही. माझ्या तोंडाकडे असं वाट बघत बसलेलं मी कधी कोणाला पाहिलं नव्हतं. घरात मी वाक्य सुरू केलं की दुसरं कोणी ते पूर्ण करतं.

मग आम्ही दोघी बसू लागलो. एक पोतं तिच्यासमोर, एक माझ्यासमोर. सासूबाई मागे, बाभळीच्या सावलीत.

आणि काय झालं, गिऱ्हाईक माझ्याकडे येऊ लागले. आधी एखाद-दुसरा, मग बरेच. वर्धेला एक खानावळ चालवणारा माणूस होता, जाड, हसरा, मोटारसायकलला दोन्ही बाजूंना डबे बांधलेला. तो तर लहानीसमोरून सरळ माझ्याकडे यायचा. म्हणायचा, "मले मोठ्या बाईच्या हातून द्या जी. हात बरा हाये त्यांचा."

लहानी पदराने माशा हाकलत बसायची. मी तिच्याकडे बघायची नाही, पण ती बसली आहे हे मला पाठीवर ऊन कळावं तसं कळायचं. त्या दिवसांत मी डोक्याला तेल लावून, विंचरून, बरी साडी नेसून पाळीवर जाऊ लागले. नवऱ्याने विचारलंही, "काऊन व, लग्नाले चालली का?" मी म्हटलं, "पाळीवर." माझा आवाज मोठा निघाला होता.

एका सकाळी जाळ्यात दोन कतले आले. नवरा आणि दीर, दोघे भाऊ, डोंग्यातून ते उतरवताना वाकले होते. खानावळवाला आधीच उभा होता. पहिला कतला माझ्या पोत्यावर आला. शेपटीचा फटका माझ्या मनगटावर बसला, मी गुडघा लावून दाबला, वीत टाकली. एक, दोन, तीन, चार. बरोबर फाटेपर्यंत. पोट जरा मोठं.

"बोला, बाई," तो म्हणाला.

उचलताना माझे दोन्ही हात भरून आले होते. पण हात खोटं बोलतो हे मी पाठ केलं होतं. मी म्हटलं, "चार वीत. पोट बरं हाये. साडेसहा."

"बोल गेला!" तो म्हणाला आणि खिशात हात घातला. त्याची घाई मला मानासारखी वाटली. दुसराही तेवढाच भरला, त्यालाही मी साडेसहाच म्हटलं. लहानीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं, जळते.

संध्याकाळी सासूबाईंनी पैसे मोजले, कपाळाला लावले, डब्यात ठेवले. मी भांडी घासायला मागे गेले तर लहानी पाण्याच्या ड्रमापाशी उभी होती, मोबाईल हातात.

"ताई, हे पाहा."

खानावळवाल्याने फोटो पाठवला होता. त्याच्या काट्यावर माझा कतला ठेवलेला होता. बाजूला आकडा होता, नऊ आणि वर काहीतरी. खाली त्याने लिहिलं होतं ते तिने हळू आवाजात वाचून दाखवलं, कारण मोबाईलवरचं बारीक अक्षर मला लवकर लागत नाही. "मोठ्या जाऊले सांगजा, लय बरकत हाये तिच्या हाताले." पुढे हसणारी तोंडं, ओळभर.

मी ती तोंडं बघत राहिले. मग एकेक चेहरा आठवला, जे लहानीला सोडून माझ्यासमोर बसत होते ते. सगळे माझ्या तोंडाकडे का बघत होते ते मला कळलं.

"पण आत्याबाईनं पैसे मोजले," मी म्हटलं. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो. "त्या बोलल्या नाई काही."

"भावजींनी डोंग्यावरूनच सांगतलं व्हतं त्यायले, दोन मिळून अठराचे हायेत म्हणून. पैसे कमी दिसले असते." ती मोबाईल पदरात घालून म्हणाली, "मी टाकले वरचे. माह्या माहेरचे व्हते. बाराशे."

"काऊन टाकले?"

"तुमाले सगळ्यायसमोर बोलल्या असत्या."

तिने सासूबाईंना सांगितलं असतं, पाळीवर हसली असती, तर मला बरं झालं असतं. मला रागवायला जागा मिळाली असती. तिने तीही ठेवली नाही. मी राख घेऊन तवा घासायला बसले. तवा आधीच घासलेला होता.

दिवाळीच्या आधी बांगड्यावाला दारावर आला. तो दरवर्षी येतो, हात दाबून माप सांगतो. सासूबाईंच्या हातात घालून म्हणाला, "दोन-चार." लहानीचा हात दाबला आणि हसला. "हेबी दोन-चार! सासू-सुनेचा एकच साचा हाये बाप्पा. एका भट्टीतून काढल्या का दोघी?"

सासूबाईंना फार आवडलं ते. त्यांनी लहानीचा तळवा आपल्या तळव्याला लावला, करंगळीला करंगळी, अंगठ्याला अंगठा. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. त्या आंधळ्यासारख्या चाचपत होत्या आणि हसत होत्या.

"अन् मोठीचा?" बांगड्यावाल्याने माझा हात धरला, पेटीत बघितलं, पुन्हा धरला. "दोन-दहा लागन. पेटीत नाई बाई. बाजाराच्या दिवशी आणून देतो."

मी त्या दोन जुळलेल्या तळव्यांकडे बघत होते. चार वीत तर सहा. कोणाच्या चार वीत? हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. आमच्याकडे सगळे वीत म्हणतात, जशी वीत म्हणजे देवाने कापून दिलेली काठी. सासूबाईंनी आपल्या हाताने मोजून आपला हिशेब बसवला होता आणि तो मला दिला होता, हात न देता.

दुपारी त्या झोपल्या तेव्हा मी त्यांच्या खाटेजवळ बसले. त्यांचा पंजा गोधडीवर पसरला होता. मी शेजारी माझा पंजा ताणून ठेवला. माझी करंगळी एका पेराने पुढे गेली. एवढंच. इतकी वर्षं मी एका पेराने मूर्ख ठरले होते.

वाटलं होतं की हे कळल्यावर हेवा जाईल. देव नव्हता तिच्या हातात, नुसतं माप होतं. पण हेवा गेला नाही. उलट आता काही करण्यासारखं राहिलं नाही. विद्या असती तर रात्रंदिवस शिकले असते. हात कसा शिकणार?

दुसऱ्या दिवशी पाळीवर मी करंगळीचं शेवटचं पेर दुमडून वीत टाकली. रोहू होता. मी आकडा बोलले आणि तो बरोबर आला. पुढचाही आला. मागून सासूबाई म्हणाल्या, "करंगळीले काय झालं व?" त्यांना शेपटी दिसत नव्हती, पण माझी करंगळी दिसली.

"काटा रुतला," मी म्हटलं.

मी खरं सांगायला हवं होतं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. सगळ्यांसमोर त्यांना काय म्हणणार होते? तुमची वीत लहान आहे? हात तर त्यांचाच खरा. खानावळवाला दोनदा आला, मासा घरी नेऊन मोजला आणि मग यायचा थांबला. दुसऱ्यांदा जाताना डोंगेवाल्याला म्हणाला होता, "बाईचा हात आखडला आता." बाकीचेही दोन्ही पोत्यांपुढे सारखे बसू लागले. माझ्या तोंडाकडे बघत ते, पण आता तितकं नाही.

दिवाळी झाली. सासूबाईंनी सगळ्यांना बसवलं. दोघे भाऊ होते, शेजारच्या दोघी होत्या. म्हणाल्या, "लहानी बसन पाळीवर. हिचा हात माह्या हातावर गेला हाये."

सगळ्यांनी माना डोलवल्या, म्हणीला डोलवतात तशा. ते बोट न् बोट खरं होतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं की माझेही बोल आता बरोबर येतात, दिवाळीच्या आधीचे आठवा. नवऱ्याने विचारलं, "काय व?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. अगदी मला हवं होतं तसे, गप्प राहून. मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

कापसाची वेचणी सुरू झाली होती. मी जायला लागले. किलोवर मजुरी असते आणि तिथे माझा हात कामाचा आहे. एका मुठीत मी जितकी बोंडं घेते तितकी दुसरी बाई दोन मुठींत घेते. बाया म्हणायच्या, "फावडं आलं व, सरका बाजूले." मला राग यायचा नाही. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेतलं की ते किती भरेल हे मी सांगायची. इथे वीत नव्हती, नुसती मान आणि हात, आणि ते खोटं बोलत नव्हते.

शेताची वाट पाळीवरून जाते. रोज सकाळी ती दगडावर बसलेली दिसायची. पोत्यावर मासा, भोवती माणसं, सगळी गप्प. मग तिचा आवाज यायचा. मी चालताना मनात वीत टाकायची, लांबूनच, आणि तिचा आकडा यायच्या आधी माझा म्हणून ठेवायची. कधी जुळायचा. जुळला की दिवस वाईट जायचा.

मजुरीतून मी तिचे पैसे फेडायला घेतले. पहिल्यांदा तीनशे घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या ना ताई, घरचेच पैसे हायेत."

"तुया माहेरचे हायेत," मी म्हटलं आणि तिच्या हातात कोंबले.

तिचे पैसे अंगावर असताना मला तिचा नीट हेवासुद्धा करता येत नव्हता. मनात काही वाईट आलं की पाठोपाठ ड्रमापाशी उभी असलेली ती यायची, हळू आवाजात वाचणारी. उपकार करणाऱ्याचं वाईट चिंतता येत नाही, निदान सुखाने येत नाही. मला ते सुख परत हवं होतं. म्हणून वेचणी संपत आली तरी मी फरदडीला, शेवटच्या वाळक्या बोंडांना, जात राहिले. बोटं फाटली.

शेवटचे दोनशे माझ्याकडे दहाच्या नाण्यांत होते. आमच्याकडचे दुकानदार ती नाणी घ्यायला कुरकुर करतात, म्हणून ती माझ्याजवळ साठली होती. रुमालात बांधून मी सकाळीच पाळीवर गेले. एक गिऱ्हाईक बसलं होतं, पोत्यावर एक मरळ वळवळत होता. लहानीने पाण्याचा हात पुसला आणि ओंजळ पुढे केली.

मी रुमाल उलटा केला. तिच्या ओंजळीत ती मावली नाहीत. बोटांवरून घसरायला लागली, तशी मी दोन्ही हात खाली धरले आणि वरून सांडलेली सगळी माझ्या हातात आली.

"बाप्पा!" ती हसली. "तुमच्याच हातात ठेवा ताई, माह्यात कुठं राह्यतात?" मग माझ्या हातांकडे बघत, आवाज खाली घेऊन म्हणाली, "करंगळीचा काटा निंघाला का?"

म्हणजे तिला माहीत होतं. केव्हापासून, ते मी विचारलं नाही. माझं एकच जे माझं होतं, तेही तिने आधीच पाहून ठेवलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या पोटात पुन्हा तेच बसलं, जुनं, ओळखीचं.

"निंघाला," मी म्हटलं.

"बराबर असतीन पैसे," ती म्हणाली आणि नाणी पदरात घ्यायला लागली.

"अंदाज नको. मोज."

"ताई, गिऱ्हाईक बसलं हाये."

"बसू दे."

गिऱ्हाईक गप्प बसलं. मरळही थकून गप्प झाला होता. तिने दगडावर नाणी मांडली, दहा-दहाच्या दोन रांगा, आणि बोट ठेवून एकेक मोजलं. मी उभी राहून बघत होते. शेवटच्या नाण्यावर बोट ठेवून तिने वर पाहिलं.

"पुरे झाले, ताई. बाराशे फिटले."